लोप आणि प्रक्षेप : ‘ऑरेंजेस अँड सनशाइन’ या चित्रपटाचें परीक्षण

१

या त्रैमासिकाचीं पानें सामान्यतः पत्रें, शकावल्या, ताम्रपट आणि बाडें यांच्या चर्चेसाठीं असतात. त्यांत एका चित्रपटाच्या परीक्षणास जागा कां द्यावी, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्यास आमचें उत्तर दुहेरी आहे. पहिलें असें कीं, सामान्य जनांस इतिहासाचें जें ज्ञान होतें तें आतां ग्रंथांपेक्षां पडद्यावरून अधिक होतें. तेव्हां पडद्यावरील इतिहासाची तपासणी संशोधकांनीं केली नाहीं तर ती करणार कोण? दुसरें असें कीं, ज्या चित्रपटाविषयीं आम्ही लिहीत आहों त्याचा विषयच मुळीं कागदपत्रें हा आहे. ज्यांचे जन्मदाखले त्यांच्या हातीं कधीं पडले नाहींत, ज्यांपैकीं कित्येकांचीं नांवें बदलण्यांत आलीं, आईबाप जिवंत असतां ते मेले म्हणून ज्यांस सांगण्यांत आलें, अशा मुलांचा हा वृत्तांत आहे. आणि एका स्त्रीनें नोंदवह्या चाळून त्यांतील कित्येकांचीं माणसें त्यांना कशीं शोधून दिलीं, हें त्याचें कथानक आहे. दप्तरें चाळण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्या आमच्या वाचकांस ही कथा परकी वाटणार नाहीं.

चित्रपटाचें नांव ‘ऑरेंजेस अँड सनशाइन’, म्हणजे संत्रीं आणि सूर्यप्रकाश. तो २०१० सालचा. दिग्दर्शक जिम लोच, पटकथा रोना मन्रो यांची, आणि आधार मार्गारेट हम्फ्रीज यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘एम्प्टी क्रेडल्स’ या पुस्तकाचा. ऑस्ट्रेलियांत गेल्यावर झाडावरचीं संत्रीं खावयास मिळतील आणि बारा महिने ऊन असेल, अशा थापा देऊन मुलांस जहाजावर चढविण्यांत आलें. त्यावरून हें नांव पडलें.

अशा चित्रपटांविषयीं अलीकडे एक प्रश्न हटकून विचारला जातो. त्यांत निरनिराळ्या वर्णांच्या व वंशांच्या लोकांस स्थान आहे काय? कोणाचें प्रतिनिधित्व झालें आणि कोणाचें राहिलें? हा प्रश्न क्षुल्लक मानणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. परंतु त्याचें उत्तर चेहरे मोजून मिळत नाहीं, असें आमचें मत आहे. पोथ्यांच्या शोधकास नकलकाराचे दोन दोष चांगले परिचित असतात. मुळांत नसलेलें घुसडणें हा प्रक्षेप, आणि मुळांत असलेलें गाळणें हा लोप. प्रस्तुत चित्रपट पहिल्या दोषापासून मुक्त आहे. दुसरा मात्र त्यांत आहे, आणि तो नेमका तेथें आहे जेथें सर्व हकीकतीचें कारण असावयास पाहिजे होतें. हें दाखविणें हाच या लेखाचा हेतु.

२

प्रथम मूळ हकीकत पाहूं. ब्रिटनमधून मुलें समुद्रापार धाडण्याची चाल बरीच जुनी आहे. १६१८ सालीं लंडन शहरांतील सुमारें शंभर मुलें व्हर्जिनियाच्या वसाहतीसाठीं निवडण्यांत आलीं, तेथून तिचा आरंभ धरतात. १८६९ नंतर मरिया राय आणि ॲनी मॅक्फर्सन यांच्या खटपटीनें ही चाल मोठ्या प्रमाणावर कॅनडाकडे वळली. पुढील साठ-सत्तर वर्षांत त्या देशांत सुमारें एक लाख मुलें गेलीं. त्यांपैकीं पुष्कळ मुलगे शेतावर गडी म्हणून राबले आणि पुष्कळ मुली मोलकरणी झाल्या. १८७५ सालीं अँड्र्यू डॉइल या तपासनिसानें देखरेखीच्या अभावावर कडक टीका केली, तरी ओघ थांबला नाहीं. १९२४ सालच्या चौकशीनंतर मात्र शाळा सोडण्याच्या वयाखालील मुलें पालकांवांचून कॅनडांत नेणें बहुतांशीं बंद झालें, आणि ऑस्ट्रेलियाचें महत्त्व वाढलें.

ऑस्ट्रेलियांतील उपक्रमाचा पाया किंग्स्ले फेअरब्रिज यानें घातला. हा गृहस्थ दक्षिण आफ्रिकेंत जन्मला व ऱ्होडेशियांत वाढला. ऑक्सफर्ड येथें विद्यार्थी असतां १९०९ सालीं त्यानें या कामासाठीं एक मंडळी स्थापिली आणि १९१२ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियांत पिंजारा या गांवाजवळ शेतकी-शाळा काढली. १९२२ सालच्या साम्राज्य-वसाहतीच्या कायद्यानें अशा कामांस सरकारी पैशाचा आधार मिळाला. १९३८ पासून ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथॉलिक शिक्षकबंधूंच्या संघानें ब्रिटनमधील मुलगे आपल्या पश्चिम ऑस्ट्रेलियांतील वसतिगृहांत घेण्यास आरंभ केला. बिंडून, टार्डून, क्लोंटार्फ व कॅसलडेअर हीं तीं ठिकाणें. युद्धामुळें खंड पडला. १९४७ पासून जहाजें पुन्हां निघालीं, आणि १९६७ सालीं हा व्यवहार कायमचा थांबला. विसाव्या शतकांत ऑस्ट्रेलियांत गेलेल्या मुलांची संख्या सुमारें सात हजार मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनबाहेर धाडलेलीं मुलें सुमारें चार हजार, असा आंकडा ब्रिटनमधील चौकशी-मंडळानें २०१८ सालच्या अहवालांत दिला आहे.

या मुलांस ‘अनाथ’ म्हणत. परंतु त्यांपैकीं बहुतेकांची आई किंवा बाप, कित्येकांचीं दोघेंहि, हयात होतीं. कोणाची आई अविवाहित होती, कोणाच्या घरीं दारिद्र्य होतें, कोणी अडचणीचा काळ सरेपर्यंत म्हणून मूल आश्रमांत ठेवलें होतें. पुढें आई मूल न्यावयास आली म्हणजे तें एखाद्या चांगल्या घरीं दत्तक गेलें असें तिला सांगावें, आणि समुद्रापलीकडे मुलास आई मेली असें सांगावें, असे प्रकार घडले. भावंडांची ताटातूट झाली. तेथील वसतिगृहांत कष्ट, मारहाण आणि याहून निंद्य अत्याचार त्यांच्या वांट्यास आले. बिंडून येथील दगडी इमारती ब्रदर कीनी याच्या अमलाखालीं मुलांच्या हातांनीं उभ्या राहिल्या.

३

१९८६ सालीं नॉटिंगहॅम येथील समाजसेविका मार्गारेट हम्फ्रीज यांस ऑस्ट्रेलियांतील एका स्त्रीकडून विचारणा आली कीं, लहानपणीं मला जहाजानें इकडे पाठविलें, मी कोण तें शोधून द्या. एकटें मूल सरकार देशाबाहेर धाडील हें प्रथम त्यांस खरें वाटेना. शोध घेतां घेतां एकामागून एक अशा हकीकती पुढें आल्या, आणि १९८७ सालीं त्यांनीं या कामासाठीं ‘चाइल्ड मायग्रंट्स ट्रस्ट’ ही संस्था स्थापिली. चित्रपटाची कथा ती हीच. हम्फ्रीजबाईंची भूमिका एमिली वॉटसन यांनीं केली आहे. जॅक आणि लेन या दोन प्रौढ पुरुषांच्या भूमिका अनुक्रमें ह्यूगो वीव्हिंग आणि डेव्हिड वेनम यांच्याकडे आहेत.

या कृतीचा मोठा गुण आम्हांस असा दिसला कीं, तिच्यांत बालपणाचे प्रसंग रंगवून दाखविलेले नाहींत. रडणारीं मुलें, फटके, जहाजाचा धक्का, यांनीं प्रेक्षकांचें काळीज हलविणें सोपें होतें. दिग्दर्शकानें तो मोह टाळला. चाळिशी-पन्नाशी उलटलेला माणूस समोर बसतो, अडखळत बोलतो, आणि बाई ऐकतात. म्हणजे प्रेक्षकास घटना दिसत नाहीं, घटनेची साक्ष मिळते. इतिहासाचें खरें स्वरूप हेंच आहे. गेलेली घटना कोणासहि पुन्हां दिसत नाहीं. तिची जबानी, तिची नोंद, तिचा व्रण एवढेंच हातीं येतें. लेन हा बाईंना बिंडूनला नेतो आणि तेथील ब्रदर्सच्या समोर बसून चहा घेतो, हा प्रसंग या दृष्टीनें फार मोलाचा आहे. तेथें कोणी कबुली देत नाहीं. तरी त्या चहाच्या वेळच्या अवघडलेपणांत जें कळतें तें भाषणांनीं कळलें नसतें.

जॅक व लेन हीं एकेका व्यक्तीचीं चरित्रें नव्हत. अनेकांच्या अनुभवांतून तीं घडविलेलीं आहेत. याबद्दल आम्ही दोष देत नाहीं. निरनिराळ्या प्रतींवरून संपादक जसा एक पाठ सिद्ध करतो, तसें नाटककारानें करावें. मात्र त्यांतील प्रत्येक शब्दास कोणत्या ना कोणत्या प्रतीचा आधार पाहिजे. तो येथें आहे.

एक मर्यादा मात्र नोंदली पाहिजे. सगळी कथा हम्फ्रीजबाईंच्या नजरेनें दिसते. जे भोगणारे ते त्यांच्याकडे येतात, बोलतात आणि जातात. त्यांच्या घरीं, त्यांच्या एकांतांत आपण फारसे शिरत नाहीं. शोध घेणाऱ्याचें प्रतिनिधित्व पूर्ण झालें आहे. ज्यांचा शोध घेतला त्यांचें अर्धें.

४

आतां वर्णाचा प्रश्न. या चित्रपटांतील प्रमुख पात्रांत एकहि काळा, सांवळा किंवा पिवळा चेहरा नाहीं. तो असावयास पाहिजे होता काय?

भरतानें नाट्याचे दोन धर्म सांगितले आहेत, लोकधर्मी आणि नाट्यधर्मी. नाट्यधर्मी प्रयोगांत संकेत प्रधान असतो. तेथें नटाचा देह भूमिकेहून वेगळा असला तरी बाध येत नाहीं. बालगंधर्वांनीं स्त्रीभूमिका केल्या, त्या पाहतांना महाराष्ट्रास पुरुष दिसला नाहीं. त्याच न्यायानें संकेतप्रधान रंगभूमीवर कोणत्याहि वर्णाच्या नटानें कोणत्याहि राजाची भूमिका करावी. आमची हरकत नाहीं. पण हा चित्रपट लोकधर्मी आहे. त्याचा सारा भर ‘हें असें घडलें’ या प्रतिज्ञेवर आहे. आणि त्यांतहि विशेष असें कीं, या हकीकतींत मुलाचा वर्ण हा नटाच्या देहाचा योगायोग नव्हे. ज्या कसोट्यांनीं मुलें निवडलीं गेलीं त्यांतील ती एक कसोटी होती. येथें वर्ण हाच एक दस्तऐवज आहे.

ऑस्ट्रेलियाचें संघराज्य १९०१ सालीं झालें, आणि त्याच वर्षीं परदेशीयांचा प्रवेश रोखणारा कायदा झाला. त्या कायद्यानें कोणत्याहि वर्णाचें नांव घेतलें नाहीं. येणाऱ्यास अधिकाऱ्यानें निवडलेल्या एखाद्या युरोपीय भाषेंत श्रुतलेखन घालावें, एवढीच तरतूद होती. नको असलेल्या माणसास त्याला न येणारी भाषा निवडून घालतां येई. ही परीक्षा १९५८ पर्यंत चालू होती, आणि गोऱ्या ऑस्ट्रेलियाचें हें धोरण पुरतें संपावयास १९७३ साल उजाडावें लागलें. म्हणजे मुलांचीं जहाजें जीं वर्षें चाललीं तीं सर्व या धोरणाच्या अमलांत येतात. १९४४ सालीं ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें युद्धानंतरच्या तीन वर्षांत पन्नास हजार पोरकीं मुलें आणण्याचा संकल्प केला होता. आलीं त्याचा अल्पांश, पण संकल्पाचा आंकडा हेतु सांगतो. तिकडे ऱ्होडेशियांत फेअरब्रिजच्या नांवानें १९४६ पासून १९६२ पर्यंत जें विद्यालय चाललें तें गोऱ्या वसाहतवाल्यांची पिढी वाढविण्यासाठींच होतें.

अशा जहाजावर एखादें सांवळें मूल बसवून दाखविलें असतें तर तो शुद्ध प्रक्षेप झाला असता. त्यांत असत्य तर होतेंच, पण त्याहून वाईट असें कीं, त्या सांवळ्या मुलामुळें योजनेचा दोष झांकला गेला असता. जी योजना गोऱ्यांखेरीज कोणास घेत नव्हती ती सर्वांस सारखी वागविणारी दिसली असती. निराधार कांहीं लिहावयाचें नाहीं, हा मल्लिनाथाचा दंडक टीकाकाराप्रमाणें नाटककारासहि लागू आहे. दिग्दर्शकानें तो पाळला, याबद्दल त्याची प्रशंसाच केली पाहिजे.

५

परंतु प्रक्षेप टाळला म्हणजे पाठ शुद्ध झाला असें नाहीं. सगळे चेहरे गोरे कां, हा प्रश्न ज्याच्या मनांत येतो त्या प्रेक्षकास चित्रपटानें उत्तर द्यावयास पाहिजे होतें. त्याच्या कथेचा भार या कारणावर कोठेंहि पडत नाहीं. सरकारें बेपर्वा होतीं, धर्मसंस्था निष्ठुर होत्या, दप्तरें मुकीं होतीं, एवढें समजतें. बेपर्वाई ही दुर्लक्षांतून येते; येथें दुर्लक्षाबरोबर एक नीट आंखलेला हेतुहि होता.

त्या हेतूचा अस्सल पुरावा आहे. १९३८ सालीं नव्यानें आलेल्या मुलांचें स्वागत करतांना पर्थचे आर्चबिशप प्रेंडिव्हिल यांनीं जें भाषण केलें तें या विषयावरील लेखनांत वारंवार उद्धृत झालें आहे. त्याचा आशय असा : पाळणे रिकामे राहिल्यामुळें देशांतील रिकाम्या जागा भरत नाहींत, तेव्हां माणसांचा पुरवठा बाहेरून केला पाहिजे, आणि तो आपल्याच वंशांतून झाला नाहीं तर शेजारच्या आशियाई जातींच्या अफाट संख्येचें भय अधिकच वाढेल. हें भाषण कोणा भडक पुढाऱ्याचें नसून एका धर्मगुरूचें आहे, आणि ज्यांच्या स्वागतासाठीं तें झालें तीं लहान मुलें होतीं. त्या अफाट संख्येंत आम्ही व आमचे वाचक यांचे वाडवडीलहि मोजलेले होते. लंडन-लिव्हरपूलच्या आश्रमांतील मूल आईपासून तोडलें गेलें, त्याचें एक कारण ज्यांना त्यानें कधीं पाहिलें नाहीं अशा आशियाच्या लोकांचें भय हें होतें.

आतां वाचकांनीं नांवांकडे लक्ष द्यावें. हम्फ्रीजबाईंच्या पुस्तकाचें नांव ‘रिकामे पाळणे’ या अर्थाचें आहे, आणि आर्चबिशपांच्या भाषणांतील शब्दहि तेच. चित्रपट करतांना हें नांव जाऊन त्याच्या जागीं संत्रीं आणि सूर्यप्रकाश आलें; पुढें पुस्तकहि चित्रपटाच्या नांवानें निघालें. पहिल्या नांवांत पाठविणाऱ्यांचा हेतु ऐकूं येतो, दुसऱ्यांत पाठविलेल्यांस दिलेली थाप ऐकूं येते. थाप हृदयास भिडते, यांत शंका नाहीं. पण थाप कोणत्या कार्यासाठीं दिली तें नाहींसें झालें. पोथीच्या मुखपृष्ठावरच लोप झाला, तो आंतहि राहिला.

६

हा लोप किती मोठा आहे हें दुसऱ्या एका चित्रपटाशेजारीं ठेवल्यास दिसतें. फिलिप नॉइस यांचा ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ हा २००२ सालचा. त्यांतील मुलें ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींपैकीं आहेत. १९३१ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियांतील जिगलाँग येथून मॉली, डेझी व ग्रेसी या तीन मुलींस सरकारनें आयांपासून ओढून पर्थच्या उत्तरेस मूर रिव्हर येथील वसाहतींत नेलें. त्या तेथून पळाल्या, आणि सशांपासून शेतें राखण्यासाठीं घातलेल्या कुंपणाच्या कडेकडेनें सुमारें सोळाशें किलोमीटर चालत मॉली व डेझी घरीं पोंचल्या. ग्रेसी वाटेंत पकडली गेली. आधार आहे डोरिस पिल्किंग्टन यांच्या १९९६ सालच्या पुस्तकाचा. या मॉलीच्याच कन्या.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९०५ सालच्या कायद्यानें आदिवासी व मिश्रवंशी मुलांचें पालकत्व आईकडून काढून ‘मुख्य संरक्षक’ या अधिकाऱ्याकडे दिलें होतें. १९१५ पासून ए. ओ. नेव्हिल हा या खात्याचा प्रमुख होता. १९४० पर्यंत त्याचाच अंमल चालला. मिश्रवंशी मुलें गोऱ्या समाजांत मिसळवून दोन-तीन पिढ्यांत त्यांचा काळेपणा पुसून टाकावा, हें त्याचें मत. चित्रपटांत तो आजी, मुलगी व नातू यांचीं चित्रें पडद्यावर पाडून हें मत बायकांच्या एका सभेस समजावून देतो. या एका प्रसंगानें सर्व कारण उघडें होतें. नंतर अंगणांतून मुली कां ओढल्या जातात हें विचारावें लागत नाहीं.

आतां दोन्ही बाडें एकत्र ठेवावीं. मूर रिव्हर आणि बिंडून हीं ठिकाणें एकाच प्रांतांत, दोन्ही पर्थच्या उत्तरेस, एकमेकांपासून फार दूर नाहींत. एकीकडे काळ्या आईचें मूल ‘गोरें’ करण्यासाठीं तोडलें जात होतें. दुसरीकडे गोऱ्या आईचें मूल गोऱ्यांची संख्या वाढविण्यासाठीं आणलें जात होतें. दोहोंकडे ‘मुलाचें हित’ हाच शब्द, दोहोंकडे आईच्या संमतीची पर्वा नाहीं. एकाच दप्तराचे हे दोन रुमाल आहेत. पंतप्रधान केव्हिन रड यांनीं आदिवासींच्या हिरावलेल्या पिढ्यांची क्षमा १३ फेब्रुवारी १९०८ रोजीं नव्हे, तर तब्बल शंभर वर्षांनीं, १३ फेब्रुवारी २००८ रोजीं मागितली. आणि आश्रमांतील व ब्रिटनहून आणलेल्या मुलांची १६ नोव्हेंबर २००९ रोजीं. ब्रिटनच्या वतीनें गॉर्डन ब्राउन यांनीं २४ फेब्रुवारी २०१० रोजीं क्षमा मागितली. क्षमा वेगवेगळ्या मागाव्या हें योग्यच. कारण दुःखें वेगळीं होतीं, आणि ब्रिटनहून आलेलें मूल व जिगलाँगचें मूल यांस एकाच मापानें मोजणें अन्यायाचें होईल. पण दोन्ही दुःखांच्या मुळाशीं असलेलें कारण एक होतें, आणि हें एकत्व दोन्ही बाडें जवळ ठेवल्यावांचून वाचतां येत नाहीं.

नॉइस यांच्या चित्रपटांतहि ब्रिटनहून आलेल्या मुलांचा उल्लेख नाहीं, मग तेथें लोप कां म्हणूं नये, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, प्रत्येक कथेनें सर्व कथा सांगाव्या अशी अपेक्षा नाहीं. आपल्या कथेचें कारण मात्र तिनें सांगितलें पाहिजे. नॉइस यांनीं तें सांगितलें, लोच यांनीं तें सोडलें. आणखी एक भेद आहे. त्या चित्रपटांतील प्रतिनिधित्व मुलींचे चेहरे खरे आहेत एवढ्यानेंच साधलेलें नाहीं. मुलीनें आईच्या तोंडची हकीकत लिहून घेतली आणि सरकारी पत्रव्यवहाराशीं ती ताडून पाहिली. म्हणून ज्यांचें दुःख त्यांचाच पाठ मूळ ठरला. दिग्दर्शक गोरा असूनहि पाठ पिल्किंग्टनबाईंच्या घरचा राहिला. प्रतिनिधित्वाचा विचार करणाऱ्यांनीं पडद्यावर कोण दिसतो याबरोबरच साक्ष कोणाची आहे हें प्रथम पाहावें.

७

मुळांत जेवढें वैविध्य आहे तेवढें तरी दाखवावें, अशी मागणी मात्र रास्त आहे. तें वैविध्य शोधणाऱ्यास सांपडतें. १९५० ते १९६५ या काळांत माल्टा बेटांतून ३१० मुलें ऑस्ट्रेलियांत गेलीं, आणि त्यांतील पुष्कळ मुलगे ख्रिश्चन ब्रदर्सच्याच वसतिगृहांत होते. त्यांची मातृभाषा माल्टी. इंग्रजी वातावरणांत ती ते विसरले, आणि पुढें आईबापांस पत्र लिहिण्याची, भेटलेच तर बोलण्याची सोय उरली नाहीं. ब्रिटिश मुलाचें नांव गेलें, या मुलांची भाषाहि गेली. असें एखादें पात्र चित्रपटांत असतें तर तो प्रक्षेप झाला नसता, पाठ पुरा झाला असता.

आणि हिंदुस्थानचा संबंधहि या इतिहासाशीं आहे. कलिंपाँग येथें स्कॉटिश मिशनरी जॉन ग्रॅहॅम यांनीं १९०० सालीं मुलांसाठीं एक आश्रम स्थापिला. चहाच्या मळ्यांवरील ब्रिटिश मळेवाले आणि तेथील स्थानिक स्त्रिया यांचीं मुलें तेथें ठेवीत. १९०८ ते १९३८ या काळांत त्यांतील १३० तरुण मुलामुलींस न्यूझीलंडमध्यें शेतकाम व घरकाम यांसाठीं पाठविण्यांत आलें. त्यांपैकीं कित्येकांनीं आपल्या हिंदुस्थानी आईचा उल्लेख पुढें जन्मभर केला नाहीं. त्यांच्या नातवंडांनीं अलीकडे शोध घेतला तेव्हां कलिंपाँगच्या संस्थेंत जपून ठेवलेल्या कागदांतून आजीचा व पणजीचा माग लागला. फेअरब्रिजच्या मुलास गोरा म्हणून पाठविलें, कलिंपाँगच्या मुलास पुरता गोरा नाहीं म्हणून पाठविलें. दोन्ही ठिकाणीं वर्णाच्या हिशेबांत मूल हें एक नाणें झालें. नाटककारांस सांवळ्या मुलांची कथा सांगावयाची असेल तर ती या कागदांत वाट पाहत आहे. दुसऱ्याच्या जहाजावर त्यांस चढविण्याचें कारण नाहीं.

८

सारांश, ‘ऑरेंजेस अँड सनशाइन’ ही प्रामाणिक कृति आहे. साक्षीचा मान तिनें राखला आहे, आणि रडविण्याच्या धंद्यांत ती पडली नाहीं. जे हयात आहेत अशांना २०१८ च्या अहवालानंतर ब्रिटिश सरकारनें प्रत्येकीं वीस हजार पौंड देऊं केले. त्याच्या आधीं कित्येक वर्षें या माणसांचें म्हणणें लोकांच्या कानांवर घालण्यांत अशा कृतींचा वांटा होता, हें मान्य केलें पाहिजे. आमचा आक्षेप एवढाच कीं, तिनें दुःखाचा पुरावा दिला आणि हेतूचा पुरावा दिला नाहीं.

चित्रपटास दोन तासांची मर्यादा असते, असें सांगण्यांत येईल. परंतु ज्या कथेंत बाई सदैव कागद चाळीत असतात त्या कथेंत १९३८ सालच्या त्या भाषणाचा एक कागद त्यांच्या हातीं पडणें अवघड नव्हतें. तो वाचून त्या क्षणभर थांबल्या असत्या तरी पुरें होतें. मग पडद्यावरील प्रत्येक गोऱ्या चेहऱ्याकडे प्रेक्षकानें निराळ्या दृष्टीनें पाहिलें असतें. आणि जे तेथें नाहींत, ते कां नाहींत, हेंहि त्याला समजलें असतें. अनुपस्थितांचें प्रतिनिधित्व करण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाहीं.

प्रक्षेपानें लोप भरून निघत नाहीं. तो मूळ प्रत मिळवूनच भरावा लागतो. हें तत्त्व आमच्या वाचकांनीं आपल्या बाडांवर आजवर पाळलें आहे. पडद्यावर इतिहास मांडणाऱ्यांनींहि तें पाळावें, आणि त्यांनीं न पाळलें तर दप्तर उघडून दाखविण्याचें काम आपल्यासारख्या मंडळ्यांनीं आपलें मानावें, एवढें सुचवून हें परीक्षण संपवितों.